जनावरांच्या डॉक्टरांना खुलं पत्र: न भरणाऱ्या जखमेवर अजून किती दिवस मलम?

नमस्कार डॉक्टर मंडळी. आणि फक्त डॉक्टर नाही, जे पशुपालनाचे वर्ग घेतात, माहितीपत्रकं लिहितात, लसीकरणाला किंवा कृत्रिम रेतनाला गोठ्यात येतात त्या सगळ्यांनाच हे पत्र आहे. जरा लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

विषय आहे जनावरांच्या कातडीचा कॅन्सर. हा विषय काढला की निम्मे लोक म्हणतात जनावरांना कुठे कॅन्सर होतो, आणि उरलेले म्हणतात झाला तर झाला, काय करणार. माझं भांडण दोघांशीही आहे पण दुसऱ्यांशी जास्त. पोटातला कॅन्सर उशिरा कळला तर समजू शकतो, आत जाऊन बघणार कोण. हा मात्र पापणीवर वाढतो, कानावर वाढतो, शेपटीखाली वाढतो, माणूस रोज दोन वेळा धार काढायला तिथेच हातभर अंतरावर बसलेला असतो, आणि तरी कळतो कधी, तर घाण वास यायला लागला, अळ्या पडल्या की मग. इतकं उघड्यावर वाढणारं दुखणं इतक्या उशिरा कळतं कारण नेमकं कुठे आणि काय बघायचं हे पाळणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे सांगा.

आधी कोणाला होतो ते बोलू, कारण इथेच मोठा घोळ आहे. जनावरांत जो कातडीचा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो तो म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं पडत राहिले की त्या पेशींचा डीएनए बिघडत जातो, बराचसा दुरुस्तही होतो, पण काही बिघाड राहून जातात आणि साठतात. कातडीत रंगद्रव्य असेल तर ते हे किरण अडवतं. म्हणजे धोका कुठे, तर जिथे कातडी गुलाबी आहे आणि केस विरळ आहेत तिथे. डोळ्यांच्या कडा, नाकपुडी, ओठ, कान, निरण (म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड), कास. आता घोळ असा की लोक जनावराचा रंग केसांवरून धरतात. पांढरीशुभ्र दिसणारी कितीतरी देशी गाय केसाने पांढरी असते पण केस बाजूला करून बघा, खाली कातडी काळी, पापण्या काळ्या, नाक काळं, तिला उन्हाचं फारसं काही होत नाही. उलट अंगाने तांबडी नाहीतर काळी गाय, पण तोंड पांढरं आणि पापण्या गुलाबी, ती खरी धोक्यातली. हेरेफर्ड जातीचं नाव याच कारणाने या रोगाशी कायमचं जोडलं गेलंय, तांबडं अंग, पांढरं तोंड आणि डोळ्याभोवती रंगच नाही. सिमेंटल आणि तिच्या जवळच्या पांढऱ्या तोंडाच्या जातींचंही थोडंफार तसंच. होल्स्टीनमध्ये ठिपके कुठे पडलेत त्यावर अवलंबून, काळा ठिपका डोळ्यावर आला तर नशीब, नाही आला तर डोळा उघडा. म्हशीला हा त्रास त्यामानाने बराच कमी, का ते तिच्या रंगाकडे बघून कळतंच.

त्यात वय. कालवडींमध्ये हे जवळपास दिसत नाही, ३ वर्षांच्या आत तर फारच क्वचित. डोळ्याचा कॅन्सर सगळ्यात जास्त सापडतो तो साधारण ८ वर्षांच्या आसपासच्या गायींमध्ये. म्हणजे चार-पाच वेतं झालेली, घरच्यासारखी झालेली गाय, जिला कोणी नीट निरखून बघत नाही कारण तिचं काय बघायचं, ती तर आपलीच. उंचावरच्या प्रदेशात धोका अजून वाढतो, दर १००० मीटरमागे अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आणि ढगाळ दिवसाला ऊन नाही असं समजू नका, ढगातूनही यातले बरेच किरण खाली येतात.

आता डोळ्याबद्दल जरा सविस्तर, कारण माझा खरा राग इथे आहे.

डोळ्याचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी बुबुळाची काळी कड आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे एक छोटा पांढुरका चट्टा येतो, थोडासा उचललेला, पटकन वाटतं काहीतरी चिकटलंय. किंवा तिसऱ्या पापणीच्या कडेवर, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यातून जी आडवी सरकते तिच्यावर, एक बारीक दाणा. किंवा खालच्या पापणीवर खपलीसारखं, शिंगासारखं टणक काहीतरी, त्याला डोळ्यातली घाण आणि माती चिकटून त्याचं बोंड होतं. यातले काही चट्टे आपोआप विरूनही जातात, हेही खरं आहे. पण जे विरत नाहीत ते चामखिळीसारखे होतात, मग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत, मग रक्त यायला लागतं, आणि मग माश्या. या सगळ्याला काही महिने जातात. बरेच महिने. त्या महिन्यांत तो डोळा किती जणांच्या समोरून जातो याचा कधी विचार केलाय का तुम्ही? लसीकरणवाले आले, गाभण तपासणीला कोणी आलं, कोणी कानात बिल्ला मारून गेलं, बिल्ला तर डोळ्यापासून वीतभर अंतरावरच मारतात ना! आणि डोळ्यातून पाणी येतंय असं सांगितलं की ठरलेलं उत्तर, डोळे आलेत, ही ट्यूब घाला. ट्यूब घातली, आठ दिवस झाले, पाणी चालूच, दुसरी ट्यूब. मग कोणीतरी सांगतं काहीतरी लागलं असेल, गवताचं कुसळ गेलं असेल. असेलही! कुसळ जातं, डोळे येतात, माशीमुळे होतं, सगळं होतं, कोण नाही म्हणतंय. पण एका बाजूच्याच डोळ्याला, पापणी गुलाबी असलेल्या, वय झालेल्या गायीच्या, सारखं पाणी असेल तर डोकं धरून तिसरी पापणी बाहेर काढून एकदा बघायला काय जातं? डोळा दोन बोटांनी वरून हलका दाबला की ती पापणी आपोआप पुढे सरकते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, हे तुम्हाला शिकवणारा मी कोण, पण करताना फार कमी जण दिसतात म्हणून लिहावं लागतंय.

आणि घाई कशासाठी म्हणाल तर त्या छोट्या दाण्यावर इलाज आहे, आणि चांगला आहे. तिसऱ्या पापणीवरची गाठ असेल तर जागा बधिर करून उभ्या गायीची ती पापणी काढून टाकता येते. चट्टा अडीच सेंटीमीटरच्या आत असेल तर गोठवून मारता येतो, लिक्विड नायट्रोजनने एकदा गोठवायचं, पूर्ण वितळू द्यायचं आणि परत गोठवायचं, दोनदा केलं की बहुतेक छोट्या गाठी जातात. किंवा उलटं, उष्णता देऊन, त्यासाठी हातात धरायचं यंत्र येतं, त्याने गाठ ५० डिग्रीला ३० सेकंद तापवतात, वरवरच्या लहान गाठींना ते चालतं. आता गंमत बघा, लिक्विड नायट्रोजन काही अवकाशातून आणायचं नाहीये. रेतनाच्या, म्हणजे वीर्याच्या कांड्या ज्या कंटेनरमध्ये उणे १९६ डिग्रीला ठेवतात त्यात तेच असतं, ते गावोगावी फिरतं. नसतो तो फवारा मारायचा किंवा टेकवायचा छोटा सरंजाम आणि तो वापरायचं ट्रेनिंग. डोळ्याची बाकीची जागा कशी वाचवायची, किती खोल गोठवायचं, हे शिकल्याशिवाय कोणी करू नये हे मान्य, पण मग शिकवा की. रेतन शिकवणाऱ्या कोर्समध्ये नायट्रोजन सांभाळायला शिकवताच आहात, डॉक्टरांसाठी त्याच्या पुढचे दोन दिवस यासाठी ठेवायला काय हरकत आहे?

गाठ पूर्ण डोळ्यात पसरली तरी हाडापर्यंत गेली नसेल तर डोळा काढता येतो आणि एका डोळ्याची गाय मजेत जगते. चरते, दूध देते, वासरू होतं, फक्त त्या बाजूने अचानक गेलात तर दचकते. पण हे ऑपरेशन करायला पाळणारा तयार होत नाही कारण त्याला वाटतं आता संपलंच, आणि तो तसं समजतो कारण त्याने पाहिलेल्या सगळ्या केसेस शेवटच्या टप्प्यातल्या असतात. हा कॅन्सर शरीरात पसरतो पण त्यामानाने उशिरा. आधी जातो कानाच्या बुडाजवळच्या लसिका ग्रंथीत, मग घशाकडच्या, मग फुप्फुसात. म्हणून डोळा बघितल्यावर कानाखाली हात फिरवून गाठ लागते का तेही बघा. आणि एकदा काढून झालं म्हणजे झालं असं नाही, त्याच डोळ्यात नाहीतर दुसऱ्या डोळ्यात परत येऊ शकतो, ऊन तर दोन्ही डोळ्यांवर सारखंच पडलंय ना. परत कधी बघायला येणार ती तारीख त्याच दिवशी देऊन जा.

अमेरिकेत मांस तपासणीच्या नियमांमध्ये जनावरांच्या डोळ्याच्या कॅन्सरसाठी वेगळं कलम आहे. म्हणजे बघा किती नेहमीची गोष्ट असेल.

बाकी जागांबद्दल पटापट सांगतो. शेपटीखाली, निरणीवर रंग नसेल तर तिथेही हाच कॅन्सर होतो, गायीत आणि मेंढ्यांत. मेंढ्यांमध्ये तर आपणच तो ओढवून घेतो, जिथे जिथे शेपट्या कापायची पद्धत आहे तिथे स्वच्छता राहते म्हणून अगदी बुडापासून छाटतात आणि मग निरण आयुष्यभर उन्हात उघडी. शेपटी निदान निरण झाकेल एवढी ठेवायची, हा सल्ला मेंढीपालनात जुना आहे, फक्त कात्री हातात घेतलेल्या माणसापर्यंत तो पोचत नाही. मेरिनो मेंढ्यांचे कान हा तर ऑस्ट्रेलियातला जुनाच विषय, कानाच्या टोकाला केस कमी आणि कातडी गुलाबी, आधी खपली येते, ती निघते, परत येते, मग कान झडायला लागतो. पांढऱ्या शेळ्यांच्या, सानेन वगैरे, कासेवर चामखिळी येतात आणि इतर जनावरांसारख्या त्या जातीलच असं नाही, काहींचा पुढे कॅन्सर होतो. त्यामुळे शेळीच्या कासेवरची चामखीळ आणि खोंडाच्या मानेवरची चामखीळ या दोन्हीला एकच उत्तर देऊ नका. आणि डाग दिलेल्या जागा. तापलेल्या लोखंडाने खूण म्हणून नाहीतर इलाज म्हणून डागतात, त्या जुन्या व्रणात वर्षांनंतर कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत, उन्हाचा काही संबंध नसताना. जो व्रण सारखा भरतो आणि फुटतो तो कुठलाही असो, संशयाच्या यादीत टाकायचा.

शिंगाचा कॅन्सर वेगळा सांगायला हवा कारण तो कातडीचा नाही, शिंगाच्या आतल्या पोकळीच्या अस्तरातून उठतो, पण पेशींची जात तीच आणि पाळणाऱ्याच्या दृष्टीने तोही बाहेरचाच रोग. भारतात हा मोठा त्रास आहे, जगात इतरत्र फारसा ऐकू येत नाही. मुख्यतः वशिंडाच्या जातींमध्ये, कांकरेजसारख्या मोठ्या शिंगांच्या जातींत त्याच्या खूप नोंदी आहेत, आणि त्यातही खच्ची केलेल्या बैलांना जास्त, साधारण ५ ते १० वर्षांच्या. कारणं म्हणून शिंगाला बसणारा दोराचा काच, शिंगं तासणं, रंगवणं, हार्मोन, ऊन असं बरंच काही सांगितलं जातं, बहुतेक एकापेक्षा जास्त कारणं एकत्र असावीत. पण लक्षणं मात्र इतकी स्पष्ट आहेत की पत्रकाच्या चार ओळीत बसतील. बैल डोकं सारखं झटकतो, एका बाजूला कलतं धरतो, शिंग खांबाला घासतो. शिंगाच्या बुडाला हात लावला की गरम लागतं, दुखतं, बूड मऊ झालेलं असतं. मग त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी, आणि शेवटी शिंग हलायला लागतं नाहीतर वाकतं. शिंग वाकलं की सगळे ओळखतात, कौतुक नाही त्यात. डोकं झटकतोय तेव्हा ओळखलं तर शिंग बुडापासून काढून, वरून कातडी शिवून बैल वाचवता येतो. डोकं झटकणाऱ्या बैलाच्या कानात औषध घालून निघून जाणं बंद झालं पाहिजे, निदान शिंगाच्या बुडावर बोटं ठेवून बघा.

आता दुसरी बाजू. प्रत्येक गाठ कॅन्सर नसते आणि या पत्राने उगाच घबराट झाली तर तेही मला नकोय. लम्पी आल्यापासून तर जरा गाठ दिसली की लोक घाबरतात. लम्पीच्या गाठी तापाबरोबर येतात, थोड्या दिवसांत अंगभर येतात, तो विषाणूचा आजार आहे आणि त्याचा कॅन्सरशी संबंध नाही. लहान जनावरांच्या तोंडा-मानेवर येणाऱ्या चामखिळी पॅपिलोमा विषाणूच्या असतात आणि बहुतेक काही महिन्यांत, फार तर वर्षभरात स्वतःहून गळून जातात, त्यावर जे जे उपाय लोक करतात त्या सगळ्यांना यश येतं ते यामुळेच! घाणेरीचं झुडूप खाल्ल्यावर यकृत बिघडून कातडी ऊन सहन करेनाशी होते, तेव्हा पांढऱ्या ठिकाणची कातडी सोलून निघते, पण ती एकदम, काही दिवसांत, सगळ्या पांढऱ्या भागांवर निघते. कॅन्सर एका ठिकाणी, सावकाश. वशिंडावरची जुनी जखम बऱ्याचदा माशीने पसरवलेल्या बारीक कृमीची असते. बैलाच्या मानेवरची खांदेसूज ही जू घासून आलेली. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पण पाळणाऱ्याला माहीत नाही, आणि त्याला फरक सांगितला नाही तर तो दोनच गोष्टी करणार, एक तर सगळ्याला घाबरणार नाहीतर कशालाच नाही.

घोड्याच्या मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगाच्या पेशींच्या कॅन्सरच्या बाबतीत तर वरचा रंगाचा नियम उलटा होतो. वयाबरोबर पांढरा होत जाणारा घोडा, जो शिंगरू म्हणून जन्मताना गडद रंगाचा असतो, त्याची कातडी काळी असते, म्हणजे वरच्या हिशोबाने त्याला काही व्हायला नको. पण १५ वर्षांवरच्या अशा घोड्यांमध्ये १० पैकी ७-८ जणांना मेलॅनोमाच्या गाठी असतात, शेपटीखाली, गुदाभोवती, ओठांवर, कानाखाली. ऊन पोचत नाही अशा जागी. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्सालातल्या संशोधकांनी याचं मूळ शोधलं, एसटीएक्स१७ नावाच्या जनुकात सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असतो, त्यानेच केस पांढरे होतात आणि त्यानेच गाठींचा धोका वाढतो. या गाठी वर्षानुवर्षं गप्प बसतात म्हणून राहू देतात, आणि मग एक दिवस लीद टाकता येत नाही एवढ्या वाढलेल्या असतात. घोडा, गाढव, खेचर यांच्यात सगळ्यात जास्त दिसणारी कातडीची गाठ मात्र सार्कॉइड, ती गायीच्या पॅपिलोमा विषाणूमुळे होते. ती लांब पसरत नाही पण जागेवर खोलवर शिरते आणि अर्धवट छेडली, थोडीशी कापली, दोऱ्याने बांधून ओढली की चवताळून दुप्पट होते. तेव्हा गाढवाच्या अंगावर गाठ दिसली की घरगुती उपाय करू नका हे आधी सांगा, मग बाकीचं.

आणि डुक्कर! सिंक्लेअर नावाच्या छोट्या जातीच्या आणि ड्युरॉक डुकरांच्या काही पिल्लांना जन्मतःच नाहीतर पहिल्या काही आठवड्यांत मेलॅनोमा होतो, आणि त्यातला बराचसा स्वतःच विरून जातो. शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशी मारते, आणि जाता जाता रंगाच्या चांगल्या पेशीही मारते म्हणून पिल्लू नंतर ठिकठिकाणी पांढरं पडतं. माणसाच्या कॅन्सरवर काम करणारे लोक त्या डुकरांचा अभ्यास करत बसलेत. याचा गोठ्यात काही उपयोग नाही, मला आवडतं म्हणून सांगितलं.

तर मग ओळखायचं कसं. नुसतं बघून कोणालाच शंभर टक्के सांगता येत नाही, तुम्हालाही नाही, आणि म्हणूनच माझी मुख्य मागणी ही आहे की गाठीचा तुकडा लॅबमध्ये तपासायला पाठवायची सवय लावा. आत्ता होतं काय, गाठ काढली, छान शिवली, आणि गाठ फेकून दिली. काय होतं ते? "गाठ होती". अहो पण कसली! कडेपर्यंत निघाली की राहिली? काहीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी परत आली की म्हणायचं नवीन आली. तुकडा टिकवायला १० टक्के फॉर्मॅलिनची बाटली गाडीत ठेवणं ही काही मोठी मागणी नाही. तुकडा गाठीच्या मधल्या कुजलेल्या भागातून न घेता कडेवरून घ्यायचा, थोडी चांगली कातडी सोबत येईल असा, जाडी सेंटीमीटरच्या आत, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट. फ्रीजरमध्ये टाकून तुकडा बर्फ करायचा नाही. तेवढंही शक्य नसेल तर जखम पुसून काचपट्टी टेकवून छाप घ्या, त्यावरूनही बऱ्याचदा दिशा कळते. सार्कॉइडचा संशय असेल तिथे तुकडा घ्यायच्या आधी विचार करायचा, बाकी ठिकाणी एवढा विचार करायचं कारण नाही. आणि रिपोर्ट आला की पाळणाऱ्याला फोन करा. त्याचं जनावर आहे.

हे रिपोर्ट कुठेतरी जमा पण झाले पाहिजेत. कोणत्या जातीत, कोणत्या वयात, अंगावर कुठे, एवढं जरी प्रत्येक केसमागे लिहिलं गेलं तरी चार-पाच वर्षांत चित्र दिसेल, नाहीतर आपण असंच "आमच्याकडे नसतो तो रोग" म्हणत राहणार, जो तपासलाच नाही तो असणार कसा.

ब्रीडिंगवाल्यांना वेगळं सांगणं. डोळ्याभोवतीचा रंग आईबापाकडून येतो आणि चांगला येतो, म्हणजे वळू निवडतानाच डोळ्याभोवती काळा किंवा तांबडा रंग असलेला निवडला की पुढच्या पिढ्यांमध्ये डोळ्याचा कॅन्सर कमी होतो. हेरेफर्ड पाळणाऱ्यांनी याच विचाराने डोळ्याभोवती तांबडा रंग असलेली जनावरं निवडायला सुरुवात केली, आणि वशिंडाच्या जातींशी संकर केला तरी धोका कमी होतो. तुमच्या वळूच्या माहितीत आईचं दूध असतं, फॅट असतं, कासेची बांधणी असते, मुलींच्या पायांची ठेवण असते. पापणीचा रंग पण लिहा. एक फोटो पुरे. आणि ज्या गायीला एकदा कॅन्सर होऊन गेला तिची कालवड ठेवायची तर तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायला सांगा.

सावलीबद्दल सगळे बोलतातच. सकाळी १० ते दुपारी ४ जनावर सावलीत असलं तर निम्म्याहून जास्त काम झालं, पण ज्याचा कळप चरायला जातो त्याला हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, त्यामुळे त्याला निदान एवढं सांगा की गुलाबी तोंडाची जनावरं आधी सावलीत घ्या, काळी थोडी थांबली तरी चालतील. क्रीम लावायचा सल्ला मी ऐकलाय, एखाद्या लाडक्या जनावराला ठीक आहे, कळपाला कोण लावणार आणि चाटल्यावर काय.

अजून एक, भीतीबद्दल. कॅन्सर शब्द ऐकला की लोक त्या गायीचं दूध सांडतात, तिला वेगळी बांधतात, मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. हात लावल्याने, शेजारी बांधल्याने, धार काढल्याने माणसाला जनावराचा कॅन्सर होत नाही, हे स्पष्ट शब्दांत तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील, आम्ही सांगितलं तर नाही ऐकत. पण औषधांचं वेगळं आहे. व्हिन्क्रिस्टीनसारखी कॅन्सरची औषधं दिली तर ती दुधात, शेणात, मुतात उतरतात, मांसातही राहतात. अशा गायीचं दूध कोणी प्यायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही, किती दिवस, शेण उचलताना हातमोजे घालायचे का, ते जनावर पुढे कधी खाण्यासाठी जाऊ शकेल की नाही, हे सगळं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं गडबडीत विसरतं, आणि धार काढणारा माणूस बऱ्याचदा वेगळाच असतो, त्याला तर कोणी सांगितलेलंच नसतं. आणि इलाजाला कोणत्या औषधाची परवानगी आहे ते बघूनच द्या, पाळणारा काही तपासत बसणार नाही, तो तुमच्यावर विश्वास ठेवतो.

शेवटचा विषय कोणालाच आवडत नाही. हाडापर्यंत गेलेला, डोळ्याची खोबण भरून बाहेर आलेला, अळ्या पडलेला कॅन्सर घेऊन जनावर महिनोन्महिने उभं असतं. खातं म्हणून लोक म्हणतात त्याला काही होत नाहीये. जनावर दुखणं लपवतं हे तुम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं असतं. अशा वेळी पाळणारा निर्णय घेऊ शकत नाही, काहींना पाप वाटतं, काहींना जमतच नाही, आणि डॉक्टर म्हणतात तुम्ही ठरवा. नका ना असं म्हणू. आता इलाज नाही, हे जनावर रोज त्रासात आहे, वेदना कमी करायला मी हे देऊ शकतो, आणि मरण सोपं करायचं असेल तर तेही कायद्यात बसेल तसं मी करू शकतो, एवढं बसून, शांतपणे, घाई न करता सांगा. त्यानंतर ठरवू द्या. वेदनाशामक मात्र ठरेपर्यंत थांबवू नका, ते पहिल्या दिवसापासून द्या. कॅन्सर बरा होणार नसेल तर दुखण्याचं औषध कशाला असं ऐकलंय मी, एका शिकलेल्या माणसाकडून, आणि अजून डोक्यातून जात नाही.

तुमच्यावर किती गावं आहेत, किती कागद भरायचे असतात, गाडीला डिझेल कधी मिळतं आणि कधी नाही, हे दिसतं आम्हाला. म्हणून मोठी योजना मागत नाहीये. पुढच्या लसीकरणाला याल तेव्हा प्रत्येक मोठ्या जनावराला सुई देताना दोन्ही डोळे, दोन्ही कान, शिंगांची बुडं आणि शेपटी उचलून एकदा खाली, एवढं बघा, आणि ज्याचं जनावर आहे त्याला शेजारी उभं करून बघा म्हणजे पुढच्या वेळी तोच बघेल. सुईच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, न भरणारी जखम आहे का, हो किंवा नाही. पत्रकं छापणाऱ्यांनी त्या छोट्या पांढऱ्या चट्ट्याचा फोटो छापा, शेवटच्या टप्प्यातला भयानक फोटो नको, तो बघून लोक पान उलटतात आणि स्वतःच्या गायीच्या डोळ्यातला दाणा त्यांना त्या फोटोसारखा वाटतच नाही. फोटो मिळत नसतील तर सांगा, पाळणाऱ्यांकडे मोबाईल आहेत, आम्ही काढून पाठवू.

आपला,
गोठ्यातला एक माणूस